जगप्रदक्षिणेचे भाडे



काटोल तालुक्यातल्या एका शाळेत मी पृथ्वीचा गोल घेऊन गेलो होतो. नोकरीतून निवृत्त झालो, पण भूगोलाचा मास्तर तो. हातातला गोल काही सुटत नाही. मुलांचा तास आटोपला. खिडकीशी उभे राहून ऐकणारे एक संत्र्याचे बागाईतदार आत आले. त्यांनी नागपूरवर बोट ठेवले, गोल हळूहळू फिरवत बोट पुन्हा नागपूरवर आणले आणि म्हणाले, "काहो गुर्जी, इमानात बसून असं सारं फिरून याचं म्हटलं, तं किती पैसा लागन?"

प्रश्न साधा होता. पण एका आकड्यात उत्तर देणे मला जमले नाही. हा हिशेब मी स्वतः एकदा केला आहे, त्यात चुकलो आहे, आणि चुकीचा भुर्दंडही भरला आहे. तोच हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

आधी अंतर पाहू. विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर. नागपूर साधारण एकवीस अंश उत्तरेला. तेव्हा आपल्या अक्षांशावरून सरळ पूर्वेला निघून पश्चिमेकडून घरी यायचे तर सुमारे ३७,४०० किलोमीटर पडतात. विमानविक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जगप्रदक्षिणेसाठी किमान अंतर ठरवले आहे ३६,७८७ किलोमीटर, म्हणजे कर्कवृत्ताची लांबी. हे कर्कवृत्त आपल्यापासून फार लांब नाही बरं का. जबलपूरच्या थोडे पुढे गेले की लागते. शिक्षकबंधूंनी हे गणित फळ्यावर जरूर घालावे.

आता या अंतराला इंधन किती लागते? मोठे आधुनिक विमान भरून चालले असेल तर दर प्रवाशामागे शंभर किलोमीटरला अदमासे तीन लिटर धरावे. म्हणजे पूर्ण फेरीला एका माणसाच्या वाट्याला अकराशे लिटर आले. आपल्याकडे डिझेलची दोनशे लिटरची टाकी असते ना, तशा साडेपाच टाक्या! विमानाचे इंधन म्हणजे रॉकेलच्याच जातीचे, पण अधिक शुद्ध केलेले. असे असूनही इंधनाचा खर्च हा विमान कंपनीच्या एकूण खर्चाचा साधारण पाव ते तिसरा हिस्साच असतो. बाकीचे पैसे जातात विमानाच्या किमतीत, दुरुस्तीत, वैमानिकांच्या पगारात, विमान उतरवण्याच्या आकारात आणि आकाशाच्या पट्टीत. हो, आकाशालाही पट्टी आहे! रात्री अंगणात खाटेवर पडून आपण जे लुकलुकणारे दिवे पाहतो, ती विमाने नागपूरला उतरत नाहीत, नुसती वरून जातात; तरी मार्गदर्शनाच्या सोयीबद्दल त्यांना आपल्या देशाला आकार द्यावा लागतो. जकातनाकाच म्हणा, पण हवेतला.

पूर्वी हे सगळे कुणाला परवडत होते? ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. आत प्रवासी ३५. जाहिरातीत भाडे होते १,७२० रुपये. आजच्या कानाला हा आकडा स्वस्त वाटेल. पण त्या वेळी सोने तोळ्याला शंभराच्या आतबाहेर होते. म्हणजे लंडनला एकदा जाण्याचे भाडे झाले सतरा-अठरा तोळे सोने! २०२५ साली सोन्याचा भाव तोळ्याला लाखावर गेला. त्या भावाने पाहिले तर तोळाभर सोन्यात लंडनला जाऊन परतही येता येते आणि वर काही शिल्लक राहते. इतका फरक पडला.

आणि नुसते भाडे भरून भागत नसे. परकीय चलनाच्या टंचाईची एक वेळ अशी होती की, परदेशी निघालेल्या साध्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा 'पी फॉर्म' लागे आणि खिशात फक्त आठ डॉलर नेता येत. आठ डॉलरवर जगप्रदक्षिणा कशी करणार? तिकडे आपला माणूस असेल, तो उतरवून घेईल, जेवू घालील, तरच जायचे. बाहेर जाणे हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितले आणि त्याच वर्षी पासपोर्टाचा कायदा झाला. पैसे नेण्याची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती त्यानंतर बऱ्याच उशिरा. २००४ मध्ये वर्षाला २५,००० डॉलर नेण्याची मुभा आली, ती पुढे वाढत गेली.

तर मग भाडे उतरले कशामुळे? याचे एक उत्तर आपल्या सोनेगावच्या विमानतळावर सापडते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीच्या विमानटपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून टपालाची विमाने संध्याकाळनंतर निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. इथे पिशव्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि जो तो आपापल्या गावी परत. सकाळी मद्रासचे पत्र दिल्लीत! एप्रिल १९४९ पासून तर देशातल्या देशात साधे पत्रही जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागले. १९७३ पर्यंत हे चालले.

यातली खुबी पाहा. चार शहरे एकमेकांना थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये एक जागा धरली की चारच पुरतात. विमाने कमी, आणि प्रत्येक विमान भरलेले. भरलेली खुर्ची स्वस्त पडते, रिकामी खुर्ची भरलेल्यांच्या माथी बसते, आपल्या एस. टी.चेही तेच आहे. आज दुबई, दोहा, सिंगापूर येथे प्रवाशांना उतरवून दुसऱ्या विमानात बसवतात, ते याच हिशेबाने. थेट जाणारे विमान पुष्कळदा महाग आणि मध्ये थांबून जाणारे स्वस्त, असे उफराटे दिसते त्याचे हे एक मोठे कारण. तेव्हा विमानप्रवासात भाडे ठरते ते अंतरापेक्षा सांध्यांवर. कुठे बदलायचे, कोणत्या दिशेने जायचे, आणि सगळा प्रवास एका तिकिटावर आहे की तुकड्या-तुकड्यांनी, यावर. आमचे घोडे या शेवटच्या गोष्टीत अडले.

आमची मुलगी मेलबर्नला आणि मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ. अशी घरे आता विदर्भात गावोगाव आहेत. दोघांकडे जायचे तर दोन वेळा जाऊन येण्यापेक्षा एकाच फेरीत का जाऊ नये? गोल पुढ्यात घेतला. सरळ रेषेने मुंबई ते मेलबर्न ९,८०० किलोमीटर, तिथून पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्को १२,६००, आणि तिथून मुंबई १३,५००. बेरीज ३५,९००. दोन स्वतंत्र फेऱ्या केल्या तर ४६,६००. म्हणजे पृथ्वीला वळसा घातला तर जवळजवळ अकरा हजार किलोमीटर वाचतात! मी सौ.ला मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "अहो, किलोमीटर वाचतील, पण रुपये किती वाचतात ते पाहा."

२०१८ साली आम्ही भाव काढले. दोन जाऊन-येऊन तिकिटे माणशी दीड लाखाच्या घरात. अनेक विमान कंपन्या एकत्र येऊन जगप्रदक्षिणेचे एकच तिकीट देतात, ते दोन लाखांच्या वर. त्या तिकिटाच्या अटी साधारण अशा असतात: पूर्वेला किंवा पश्चिमेला, एकाच दिशेने जायचे, अटलांटिक आणि पॅसिफिक एकेकदाच ओलांडायचे, निघालो त्याच देशात परत यायचे, आणि वर्षाच्या आत फेरी पुरी करायची. मध्ये दहा-पंधरा मुक्काम करता येतात. दहा देश पाहणाऱ्याला हे तिकीट चांगलेच. दोन घरी जाणाऱ्या आईबापांना त्याचा काय उपयोग? शिवाय हेच तिकीट कोणत्या देशातून सुरू करता त्यावरही भाव बदलतो.

तिसरा मार्ग एका एजंटाने सुचवला. तीन एकेरी तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची, माणशी सव्वा लाख. आणि नागपूर-मुंबईचे तिकीट निराळे, स्वस्तातले. मी म्हटले, "मधल्या वेळाचे काय?" तो म्हणाला, "गुरुजी, चार तास आहेत, काळजी नको." मला ते पटले. खरे सांगायचे तर स्वस्त असल्यामुळे पटले.

निघालो त्या दिवशी नागपूरवर वळवाचा पाऊस कोसळला. विमान साडेचार तास उशिरा सुटले. मुंबईला पोचलो तेव्हा मेलबर्नचे विमान निघून गेले होते. खिडकीवरचा मुलगा सभ्यपणे बोलला, पण बोलला ते नियमाने: तुमचे नागपूरचे तिकीट आमच्या तिकिटाशी जोडलेले नाही, तेव्हा आमची जबाबदारी नाही. सगळा प्रवास एका तिकिटावर असता, तर पुढच्या विमानात बसवून देणे कंपनीचे काम होते. आमचे तुकडे होते. दुसऱ्या दिवशीची दोन तिकिटे ऐन वेळच्या भावाने घेतली; लाखाच्या वर भर पडली. ते पैसे सौ.च्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेले होते. ऑपरेशन वर्षभर पुढे गेले. त्या वर्षी तिला जिना चढताना पाहिले की मला तो चार तासांचा हिशेब आठवे. ती मात्र त्याबद्दल एक शब्द बोलली नाही.

भाड्याखेरीज दुसरा खर्चही आहे. पासपोर्टाचे शुल्क १,५०० रुपये, ते दहा वर्षांसाठी. त्यात काही विशेष नाही. पण व्हिसाचे पैसे व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाहीत. अमेरिकेच्या व्हिसाचे शुल्क २०२३ मध्ये माणशी १८५ डॉलर झाले, आणि मुलाखतीला आपल्याला मुंबई गाठावी लागते ते वेगळेच. म्हाताऱ्या माणसांनी आजारपणाचा विमा टाळू नये. अमेरिकेतल्या दवाखान्याचे एका रात्रीचे बिल म्हणजे इथल्या शेताचा तुकडा.

ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा करणाऱ्या गृहस्थाची गोष्ट शिक्षकांना माहीत असेल. तो वीस हजार पौंडांची पैज जिंकतो खरा, पण वाटेत जवळजवळ एकोणीस हजार खर्चून बसतो. त्यात दोन हजारांचा एक हत्तीच आहे, आणि तो आपल्या मध्य भारतात घ्यावा लागतो, कारण लेखकाने रेल्वेचा रूळ मध्येच तोडला आहे! वास्तविक मुंबई-अलाहाबाद लोहमार्ग १८७० मध्येच पुरा झाला होता आणि गोष्ट आहे १८७२ ची. हत्तीचे पैसे उगाच गेले.

पुढे काटोलला गेलो तेव्हा हे सारे मी त्या बागाईतदारांना सांगितले. पूर्वेकडून फेरी केली तर तारीखरेषा ओलांडताना एक दिवस जास्तीचा मिळतो, हेही सांगितले. मेलबर्नहून सकाळी निघालो आणि सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो तो त्याच तारखेची सकाळ, निघालो त्याच्याही आधीची वेळ. त्यांनी ते नीट ऐकून घेतले, गोल पुन्हा एकदा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "मंग गुर्जी, त्या जास्तीच्या दिवसाची मजुरी कोन देते?"