पॅकेज घ्यावं की सुटं? आमच्या वहीतला एक हिशेब

(सामुदायिक रेडिओवर बचत गटांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही तलासरी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आमच्या गटात कर्जाचे अर्ज येतात ते बियाण्याचे, शेळीचे, घरावरच्या पत्र्याचे, मुलांच्या फीचे, दवाखान्याचे. पण मागे एका बैठकीत असा अर्ज आला की आम्ही सगळ्या आधी हसलो. मग दोन तास वही घेऊन बसलो. त्या दोन तासांत काय शिकलो ते आज तुम्हाला सांगायचं आहे. ज्यांचा अर्ज होता त्यांना विचारूनच सांगत आहोत. त्यांचं नाव घेत नाही, मावशी म्हणू.

मावशींच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. लेक आणि जावई दोघंही नोकरीला. त्यांनी ठरवलं, आईबाबांना मुंबईहून गोव्याला मोठ्या जहाजानं न्यायचं. तुम्ही ऐकलं असेल, २०१८ साली ‘आंग्रिया’ नावाचं जहाज मुंबई-गोवा सुरू झालं होतं. ते पुढे बंद पडलं, पण त्याहून मोठ्या जहाजांच्या फेऱ्या आता मुंबईहून होतात. जहाज कसलं, तरंगतं हॉटेलच ते. राहणं, जेवण, नाचगाणी सगळं आत. दोन रात्रींचं तिकीट लेक-जावयानं काढलं. सोबत मावशींचे व्याही आणि विहीणबाईही होत्या.

मग बुकिंगवाल्याचा फोन आला. तिकिटात जेवण आहे, पण प्यायचं वेगळं. त्याचं पॅकेज घ्या. एकदा पैसे भरले की सरबत, कोल्ड्रिंक, कॉफी, बिअर, दारू, हवं तेवढं. आज घेतलं तर सूट, जहाजावर घेतलं तर महाग. व्याह्यांनी तर घेतलंसुद्धा. मावशी जावयाकडे आणखी पैसे मागणार नव्हत्या. म्हणून त्यांनी गटाकडे बारा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं.

त्याच बैठकीत दुसरा अर्ज होता, एकीच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीचा. पेटीत दोघींना पुरतील एवढे पैसे नव्हते. म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखं काही नव्हतं.

आमच्यातल्या काही लगेच म्हणाल्या, “असल्या चैनीला कर्ज कसलं?” पण आमच्या अध्यक्षबाईंनी थांबवलं. त्या म्हणाल्या, “पंचवीस वर्षांत ही बाई कधी फिरायला गेली? चैन आहे की नाही ते नंतर बघू. आधी वस्तू घेण्यासारखी आहे का ते बघू. पत्रक आणा.”

पत्रक मोबाईलवर होतं. आमच्या सचिव ताई बारावी शिकलेल्या. त्यांनी मोठ्यानं वाचलं. दर हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून आज तुम्हाला समजायला सोपे आकडे घेते. हिशेबाची रीत तीच.

समजा मोठं पॅकेज माणशी दिवसाला अडीच हजार. त्याखाली बारीक अक्षरात, कर आणि सेवाशुल्क वेगळं. शंभराला वीस रुपये धरा. झाले तीन हजार. माणसं दोन, दिवस दोन. तीन हजार गुणिले चार, बारा हजार. मावशींनी अर्जात लिहिलेला आकडा हाच.

आता सुटं घेतलं तर? समजा लिंबू सोड्याचा ग्लास दोनशेला. ऐकून आम्ही कपाळावर हात मारला, पण जहाजावर दर असेच असतात. वरचे धरून दोनशे चाळीस. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, “तीन हजारात असे किती ग्लास बसतात?” भागाकार केला. साडेबारा. म्हणजे मावशींनी दिवसाला तेरा ग्लास सरबत प्यायलं तर पॅकेज परवडलं. मावशींना साखरेचा त्रास आहे. त्या स्वतःच हसायला लागल्या.

सचिव ताईंनी आणखी वाचलं तेव्हा दारू नसलेलं एक लहान पॅकेजही निघालं. फोनवाल्यानं ते सांगितलंच नव्हतं. समजा ते दिवसाला हजार, वरचे धरून बाराशे. ते वसूल व्हायला दिवसाला पाच ग्लास लागतात, आणि तेही प्रत्येकाला.

मग आम्ही मावशींना विचारलं, “घरी लग्नकार्य असतं त्या दिवशी तुम्ही काय काय पिता?” रोजचा दिवस विचारला नाही, कारण फिरायला गेल्यावर माणूस थोडं जास्तच घेतं. मावशी म्हणाल्या, चहा, पाणी, एखादं सरबत, मिळालं तर शहाळं. काकांचं विचारलं तर दोन कोल्ड्रिंक. चहा आणि पाणी बहुतेक जहाजांवर जेवणाच्या जागी तिकिटातच असतं. ते पॅकेजमध्ये मोजायचं नाही. जे आपल्याला तसंही मिळणार आहे, तेच पॅकेजच्या यादीत लिहून यादी लांब केलेली असते. तिथे फसायचं नाही.

दिवससुद्धा नीट मोजले. पैसे दोन दिवसांचे. पण पहिल्या दिवशी जहाजावर चढेपर्यंत दुपार टळते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. खरं तर एक संध्याकाळ आणि एक पूर्ण दिवस. संध्याकाळचे दोघांचे तीन ग्लास, पूर्ण दिवसाचे पाच. एकूण आठ. आठ गुणिले दोनशे चाळीस, एक हजार नऊशे वीस. दोन हजारच धरा.

एकीकडे बारा हजार, एकीकडे दोन हजार. आणि बारा हजार कर्जाचे. आमच्या गटात महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज. बारा हप्त्यांत फेडलं तर व्याजच होतं पंधराशे साठ. म्हणजे दोन दिवसांच्या सरबतापायी मावशी वर्षभर हप्ते भरणार.

इथे हिशेब संपला असं आम्हाला वाटलं. पण आमची एक तरुण सून बोलली, आणि ती खरं बोलली. ती म्हणाली, “हिशेब बरोबर आहे. पण प्रत्येक ग्लासाला किंमत विचारायची, मनात गुणाकार करायचा, शेजारी विहीणबाई बिनधास्त मागवताहेत आणि मावशी नको नको म्हणताहेत. पंचवीस वर्षांनी गेल्यावर असं अवघडून बसायचं का? पॅकेजमध्ये मन मोकळं राहतं. त्याला काही किंमत नाही का?”

किंमत आहे. हे आम्ही मान्य केलं. जो माणूस दिवसाला पाच-सहा पेयं घेतोच, त्यानं पॅकेज जरूर घ्यावं. ज्याला सारखा पैशाचा घोर लागतो, त्यानंही थोडं तोट्यात जाऊन घेतलं तर चूक म्हणता येत नाही. पण मन मोकळं राहण्यासाठी दहा हजार जास्त मोजायचे का, याला आमच्यापैकी कुणी हो म्हटलं नाही.

यावर उपाय अध्यक्षबाईंनीच काढला. दोन हजार रुपये पाकिटात वेगळे काढायचे. हे पैसे घरातून निघतानाच खर्च झाले असं समजायचं. मग किंमत विचारायची नाही, गुणाकार करायचा नाही. पाकीट आहे तोवर मागवायचं. जहाजावर बिल खोलीच्या कार्डावर चढतं, म्हणून पाकिटातले पैसे नावापुरते. रोज रात्री काउंटरवर बिल विचारून घ्यायचं, बस.

मैत्रिणींनो, यानंतर मावशी गप्प झाल्या. सगळ्या उठायला लागल्या तेव्हा म्हणाल्या, “अजून एक आहे.” आम्ही परत बसलो.

काका तरुणपणी खलाशी होते. आपल्या किनाऱ्यावरची आणि पाड्यांवरची कितीतरी माणसं पावसाळा संपला की गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, तसेच तेही जायचे. महिनोन् महिने समुद्रात. थंडी, जागरण, अंगमेहनत. तिथे दारू लागली. घरी आल्यावर काय झालं ते आमच्या पाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. गेली चार वर्षं त्यांनी थेंब घेतलेला नाही. त्या चार वर्षांत मावशींचा एकही हप्ता चुकलेला नाही.

मावशींनी सचिव ताईंना पत्रकातली एक ओळ परत वाचायला लावली. खोलीतल्या एकानं दारूचं पॅकेज घेतलं, तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या मोठ्या माणसानंही घेतलं पाहिजे. हा नियम त्याच जहाजाचा आहे असं नाही. रॉयल कॅरिबियन ही परदेशातली मोठी कंपनी, तिचाही असाच आहे. कारण सरळ आहे. एकानं पैसे भरून दोघांनी प्यायला नको. कार्निव्हल म्हणून दुसरी कंपनी आहे, तिथे चोवीस तासांत पंधरा दारूचे ग्लास अशी मर्यादा आहे. पंधरा! म्हणजे ‘हवं तेवढं’ म्हणजे नेमकं किती, तेही त्यांनी मोजून ठेवलेलं असतं.

मावशी म्हणाल्या, “व्याही म्हणतात, घ्या, आपण दोघं बसून वसूल करू. मी नको म्हटलं तर कमीपणा. हो म्हटलं तर पैसे मी भरणार आणि दारूचं दार मीच उघडून देणार.”

वसूल करणं हा शब्द आपल्याला नवा नाही. हायवेवर चारोटीच्या बाजूला अनलिमिटेड थाळी घेतली की पोट भरल्यावरही आपण दोन पुऱ्या जास्त खातो. पुरीनं फार तर पोट दुखतं. पण ज्यानं मोठ्या कष्टानं दारू सोडली आहे, त्याच्यासमोर आधीच पैसे भरलेला ग्लास ठेवणं वेगळं. सुट्या ग्लासाला निदान किंमत आडवी येते. पॅकेजमध्ये ती अडचणही आपणच काढून टाकतो.

कुणीतरी म्हणालं, काकांना सांगूच नका, पॅकेज संपलं म्हणा. हे आम्हाला पटलं नाही. दारू सोडली त्यांनी, राखलीही त्यांनीच. त्यांना लहान मुलासारखं वागवणं बरोबर नाही. मावशींनी घरी जाऊन सगळं सांगितलं, वहीतला हिशेबही दाखवला. काका एवढंच म्हणाले, “माझ्या कार्डावर ती खूण नको. खूण असली की हात आपोआप पुढे जाईल.” आणि व्याह्यांना फोन त्यांनी स्वतः केला. “मी घेत नाही, पत्त्यांना मात्र बसेन,” असं सांगितलं. मावशींना ज्या कमीपणाची भीती होती तो या एका फोनवर संपला.

कर्जाचा अर्ज मागे घेतला गेला. नर्सिंगच्या फीचा ठराव त्याच महिन्यात झाला.

ती दोघं जाऊन आली. आमच्या हिशेबात एक चूक निघाली, तीही सांगतो. कॉफीच्या वेगळ्या दुकानातली कॉफी तिकिटात नव्हती. मावशींना वाटलं चहासारखी तीही आतच. तीन कप झाले आणि पाकिटातल्या दोन हजारांच्या वर थोडे गेले. चढल्या चढल्या विचारायला हवं होतं. तेवढं सोडलं तर मावशी खुशीत होत्या. काका पहाटे उठून डेकवर उभे राहायचे. आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर होते आणि जाळं ओढायचं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे जहाजावर जाणार आहोत! पण पॅकेज आपल्या दारातही येतात. सहलीचं, रिसॉर्टचं, मोबाईलच्या रिचार्जचं, लग्नाच्या केटरिंगचं. आणि प्रत्येक पॅकेज वाईट नसतं. डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ साली आली. तेव्हापासून कितीतरी बायका गाडीनं बोईसरला, पालघरला कामाला जातात. रेल्वेचा पास हेही पॅकेजच. रोज जाणारीनं पास काढावा, महिना भरायच्या आत तो फिटतो. महिन्यातून दोनदा बाजाराला जाणारीनं तिकीट काढावं. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही. आपण दिवस मोजले आणि ठरवलं. बाकीच्या पॅकेजलाही तेच लावायचं.

आम्ही वहीच्या मागच्या पानावर पाच प्रश्न लिहून ठेवले आहेत. तुम्हीही लिहून घ्या.

एक, कर आणि वरचे पैसे धरून पूर्ण किंमत किती?

दोन, सुट्या एका वस्तूच्या किमतीनं भागलं तर किती वस्तू घेतल्यावर ते फिटतं?

तीन, मी खरोखर किती घेते, आणि त्यातलं किती मला तसंही मिळणार आहे?

चार, नियम काय? सगळ्यांनी घ्यायची सक्ती आहे का, एकीचं दुसरीला चालतं का, उरलं तर पैसे परत मिळतात का?

पाच, ही वस्तू हवी तेवढी मिळाली तर माझ्या घरात कुणाचं नुकसान होईल का?

पहिल्या चार प्रश्नांना वही लागते. पाचवा प्रश्न घरी बसून, ज्याचा आहे त्याच्याशी बोलायचा. आणि “आजच घेतलं तर सूट” असं कुणी म्हणालं, तर सांगा, “आमची बैठक झाल्यावर कळवतो.”

तुमच्या गटाकडे असं एखादं पत्रक आलं असेल तर पुढच्या बैठकीत ठेवा, आणि मोठ्यानं वाचा. खालची बारीक अक्षरं आधी.

जोहार.