‘ताई, हे कशावरून?’

(मंडळीच्या उपकारस्तुती सभेत केलेले भाषण)



वसतिगृहाविषयी चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले आहे. मुले किती, धान्य किती लागले, हे छापील अहवालात आहेच. मी आज फक्त एका कपाटाविषयी बोलणार आहे.

आपण वेळोवेळी पाठवलेली पुस्तके आम्ही एका लोखंडी कपाटात ठेवत होतो. मुले पुस्तके फाडतील या भीतीने कपाटाला कुलूप होते आणि किल्ली माझ्याकडे. पाहुणे आले की उघडून दाखवायचे, गेले की बंद करायचे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच असा की, पुस्तके वापरण्यासाठी असतात. हे वाचले, तेव्हा मला त्या किल्लीची लाज वाटली.

कुलूप काढले. पण तिसरी-चौथीची मुले पुस्तक उघडत, चित्रे पाहत आणि ठेवून देत. वाचता येणे वेगळे आणि हवे ते शोधता येणे वेगळे, हे मला तेव्हा उमगले. मग दर शनिवारी एक तास आम्ही शोधायला शिकवू लागलो.

आधी पुस्तकांच्या पाठीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. मोठ्या ग्रंथालयांत ड्यूई पद्धतीने 500 च्या घरात विज्ञान आणि 900 च्या घरात इतिहास-भूगोल असतो. आमच्याकडे अंकांऐवजी रंग: विज्ञानाला हिरवा, इतिहास-भूगोलाला पिवळा, गोष्टींना लाल. पुस्तकाच्या सुरुवातीची अनुक्रमणिका आणि शेवटची सूची यांतला फरक दाखवला. मग शब्दकोश हातात दिला. एक मुलगा मोहाचे झाड शोधत होता. आधी तो ‘झाड’ या शब्दाखाली शोधून दमला. ‘मोह’ उघडायला सांगितले, तर माया, भुरळ असा अर्थ निघाला. “आणखी खाली बघ,” म्हटले, तेव्हा कुठे त्याला त्याचे झाड भेटले. त्याचा चेहरा आपण पाहायला हवा होता.

प्रत्येकाला एक वही दिली. तिच्यात तीन गोष्टी लिहायच्या: काय कळले, ते कोणी सांगितले किंवा कोणत्या पुस्तकात कोणत्या पानावर मिळाले, आणि तेच दुसऱ्या कोणी सांगितले का?

या वहीचा पहिला प्रसाद मलाच मिळाला. एका संध्याकाळी आवारात धामण निघाली. मी मुलांना सांगितले की, धामण म्हशीच्या पायांना वेटोळे घालून दूध पिते. लहानपणी आजीकडून ऐकलेले. चौथीतली एक मुलगी वही घेऊन उभी राहिली. “ताई, हे कशावरून?” मला उत्तर देता आले नाही. शनिवारी तिने हिरव्या पट्टीचे पुस्तक आणून दाखवले: धामण बिनविषारी, खाते उंदीर आणि बेडूक, दूध पीत नाही.

खरे सांगते, क्षणभर राग आला. सगळ्या मुलांसमोर! पण रात्री प्रार्थनेला बसले, तेव्हा बिरुयाचे लोक आठवले. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 17. साक्षात पौलाचा संदेश ऐकूनही ते लोक रोज शास्त्रलेख उघडून पडताळून पाहत. लूकने याबद्दल त्यांना दोष दिला नाही, उलट त्यांची वाखाणणीच केली. पौलाला जे चालले, ते मला का चालू नये? दुसऱ्या दिवशी मी मुलांसमोर माझी चूक कबूल केली.

याचा अर्थ पुस्तकच शहाणे आणि घरची माणसे अडाणी, असा नाही. सुट्टीत मुले आजी-आजोबांना विचारून वहीत लिहून आणतात. पहिल्या पावसाला शेवळे निघतात, ती भाजी काकडे घालून शिजवली नाही तर घसा खाजतो, हे आमच्या कपाटातल्या एकाही पुस्तकात नव्हते. आजीचे नाव, पाडा आणि तारीख लिहून ते आता आमच्या संग्रहात आहे.

हे का महत्त्वाचे, ते सांगते. एका मुलाच्या घरच्या वनहक्काचा दावा पुरावा अपुरा म्हणून परत आला. 2006 च्या कायद्यानुसार आदिवासी कुटुंबाची जमीन 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून त्यांच्या ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. कागद नसलेल्या माणसाने काय दाखवायचे? पण या कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन, जुन्या विहिरी, दफनाच्या जागा हेही पुरावे धरले आहेत. त्या मुलाने दिवाळीच्या सुट्टीत आजोबांना विचारून विहीर कोणी खोदली, आंबा कोणी लावला, पणजोबांना कुठे पुरले, हे वहीत लिहून आणले होते. ती वही म्हणजे पुरावा नव्हे. पण ती वाचून घरच्यांना कळले की, कोणाकडून काय लिहून घ्यायचे. शेजारच्या दोन वृद्धांची निवेदने त्यांनी वनहक्क समितीपुढे ठेवली. दावा अजून मंजूर झालेला नाही. आपण प्रार्थनेत आठवण ठेवा. पण या वेळी ते कुटुंब रिकाम्या हातांनी गेले नाही.

बंधू-भगिनींनो, आपण या लेकरांना अन्न दिले, कपडे दिले. पण कोणीही काहीही सांगावे आणि त्यांनी मान डोलवावी, हे किती पिढ्या चालणार? आमच्यापुढेही त्यांनी नुसती मान डोलवू नये.

म्हणून एक नम्र विनंती. जुनी गाइडे आणि पाने फाटलेली पुस्तके कृपया पाठवू नका. त्यांनी कपाट भरते, मूल नाही. एक चांगला मराठी शब्दकोश, एक नकाशासंग्रह, पक्षी-साप-झाडांची सचित्र पुस्तके पाठवा. आणि जमल्यास एखाद्या शनिवारी स्वतः या. मुले तुम्हाला प्रश्न विचारतील. उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि त्यांच्याबरोबर कपाटाकडे चला. कुलूप आता नाही.