अर्धं राहिलेलं तास

(मालेगाव, जि. वाशिम येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात एका बदली शिक्षिकेने केलेले भाषण)



मला अनुभव सांगायला उभं केलं आहे. अनुभव सहाच महिन्यांचा आहे, म्हणून थोडक्यात सांगते.

पदवी झाली, डी.एड. झालं, शिक्षक पात्रता परीक्षाही पास झाले आणि भरतीची वाट बघत घरी बसले. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. कायम नोकरीचा हक्क नाही, हे आधीच सांगितलेलं. मी अर्ज केला आणि सप्टेंबरमध्ये आपल्या तालुक्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेत रुजू झाले. मुलं बहुतेक आंध समाजाची. त्याच आठवड्यात तिथल्या मॅडम १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर गेल्या आणि पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे आला.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. कागदावर ते असतात. पण एक रजेवर गेला की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम. मोठ्यांना शिकवताना लहानांना पाटीवर काहीतरी गिरवायला द्यायचं, एवढंच त्या शिक्षकाच्या हातात उरतं. आणि मूल वाचायला शिकतं ते नेमकं त्याच दोन वर्षांत.

पहिल्या दिवशी एका मुलीने विचारलं, “मॅडम, तुमी किती दिवस राहसान?” मी हसून विषय टाळला. ती माझी पहिली चूक.

दुसरी चूक त्याहून मोठी. मी घरून रंगीत तक्ते नेले होते. उत्साहाने ‘अ’पासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तीच मुलगी म्हणाली, “हे तं झालं आमचं.” मागे बसलेल्या एका मुलाचं मात्र काहीच झालेलं नव्हतं. मॅडमनी वर्ग कुठे सोडला होता, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मला एक जुनी गोष्ट आठवली. एका पेरणीला माझ्या बाबांचा हात दुखावला होता. शेजारचे काका तिफण धरायला आले. त्यांनी बैल लगेच हाकले नाहीत. आधी बाबांनी अर्धं सोडलेलं तास पाहिलं, बियाणं किती पडतं ते पाहिलं, मग त्याच ओळीत तिफण घातली. उगवल्यावर कुणाचं तास कुठे संपलं हे ओळखू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केला. बाळ रडत होतं, तरी त्यांनी एकेका मुलाबद्दल सांगितलं. मी एक वही केली. प्रत्येक मुलाला एक पान. कोण कान्यापर्यंत आला, कोण वेलांटीला अडतो, कुणाला वीसच्या पुढचे अंक येत नाहीत. आणि मुलांना सांगून टाकलं, “मी होळीपर्यंत आहे. मग तुमच्या मॅडम येतील.” त्यानंतर तो प्रश्न कुणी विचारला नाही.

दिवाळीनंतर दोन मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. त्यातला एक फेब्रुवारीत आजीकडे परत आला. त्याच्या पानावर लिहिलेलं होतं, ‘दुसरी वेलांटी झाली.’ आम्ही उकारापासून सुरू केलं. ती वही नसती, तर तो पुन्हा ‘अ’वर आला असता आणि कंटाळून शाळेबाहेर गेला असता.

बंधुभगिनींनो, आपल्यात डी.एड., बी.एड. झालेली मुलंमुली आहेत. निवृत्त गुरुजी आहेत. जुलै २०२३ मध्ये सरकारने निवृत्त शिक्षकांना दरमहा २०,००० रुपये मानधनावर तात्पुरतं नेमण्याचा निर्णय घेतला होता. आश्रमशाळांतही तासिका तत्त्वावर माणसं घेतली गेली आहेत. योजना येतात, बदलतात, बंदही होतात. घर चालवण्याएवढा भरवसा या कामात नाही, हे मी लपवत नाही. कायम शिक्षक भरले पाहिजेत, ही मागणी आपण सोडायची नाही. पण भरती होईपर्यंत पहिलीतलं मूल पहिलीत थांबत नाही.

म्हणून ज्यांना जमेल त्यांनी जावं. जाताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आधीच्यांनी कुठे सोडलं ते विचारा. आपण किती दिवस आहोत ते मुलांना खरं सांगा. आणि निघताना पुढच्याच्या हातात वही द्या. ज्यांना जाता येत नाही, त्यांनी शाळेला भेट द्याल तेव्हा नवं काय आणू हे विचारण्याआधी, अर्धवट काय राहिलंय ते विचारा.

होळीनंतर मॅडम आल्या. मी वही दिली, त्यांनी दारातच चाळली. आठवड्याने त्यांचा फोन आला. ख्यालीखुशालीच्याही आधी त्या म्हणाल्या, “तुझ्या त्या पोराचे उकार झाले. आता मात्रेवर आहोत.”