दारातूनच परतले
(प्रभागसंघाच्या मासिक सभेतलं एका सदस्येचं मनोगत)

मैत्रिणींनो, बँकेच्या साहेबासमोर बसायची भीती आता आपल्याला उरली नाही. मला भीती वाटली ती जिमची. वजन 86 किलो, त्यात शुगर. दिवसभर शिलाई मशीनवर बसून. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा.

रत्नागिरीत गेले, आतले आरसे आणि बारीक पोरी बघितल्या नि दारातूनच परतले. स्टँडवर वडापाव खाल्ला, तो वेगळाच!

पुढच्या सोमवारी गटातल्या वहिनींना सोबत नेलं. सकाळी अकराला, तेव्हा गर्दी नसते. पंजाबी ड्रेस, पायात बूट. शिकवणाऱ्या ताईंना शुगर आणि गुडघा आधीच सांगितला. त्यांनी वजनं दिलीच नाहीत. दहा मिनिटं चालणं, मग खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस. झालं! माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही, जो तो आरशात स्वतःलाच बघत होता.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. शहर लांब पडतं त्यांना गावातली पाखाडी आहे, भाट्याची पुळण आहे. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगानं चाला. शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा, जवळ साखर ठेवा. छातीत दुखलं की लगेच थांबा नि दवाखाना गाठा.

तीन महिन्यांत वजन तीनच किलो उतरलं. पण घरची पाखाडी आता मध्ये न टेकता चढते. सोमवारी पुन्हा जाणार आहे. यायचंय त्यांनी साडेदहाला स्टँडवर भेटा.