विटाळाची चाचणी
(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



आज कविता म्हणणार नाही. कच्च्या बीफवर बोलणार आहे, आणि त्यात दडलेला जंतू हुडकणाऱ्या चाचणीवर. कुणी म्हणेल, हा दहावी पास गोदी कामगार, ह्याचा नि असल्या सायन्सचा काय संबंध? संबंध आहे. म्हशीच्या गोठवलेल्या मांसाचे कंटेनर परदेशी जातात ते आमच्या डोळ्यांसमोरून. दुसरं असं की, शुद्ध काय नि अशुद्ध काय हे ठरवायचा मक्ता ज्यांच्याकडे होता त्यांनीच आपल्याला माणसातनं उठवलं. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचं मूळ गोमांस खाण्याशी जोडून दाखवलंय. तेव्हा मांसाला 'अशुद्ध' म्हणणारी एक मशीन निघाली असेल, तर ती कशाला अशुद्ध म्हणते हे आपण नीट बघितलं पाहिजे.

गोष्ट अमेरिकेतली. १९९३ साली तिथे 'जॅक इन द बॉक्स' या हॉटेलांचे हॅम्बर्गर खाऊन सातशेच्या वर माणसं आजारी पडली. चार पोरं मेली. जंतूचं नाव ई. कोलाय ओ१५७:एच७. तो पहिल्यांदा ध्यानात आला १९८२ साली, ऑरेगॉन नि मिशिगनमध्ये, तेव्हाही हॅम्बर्गरमधूनच. जनावराच्या आतड्यात हा सुखाने नांदतो, जनावराला काही होत नाही. माणसाच्या पोटात शंभराहून कमी गेले तरी पुरतात. रक्ताची हगवण लागते. लहान पोरांची मूत्रपिंडं निकामी होतात.

तो मांसावर येतो कसा? सोलताना शेणाने माखलेलं कातडं मांसाला लागलं, किंवा आतड्याला सुरी लागली, की आला. अख्ख्या तुकड्यावर तो वरवर असतो, तव्यावर मरतो. पण खिमा केला की वरचा जंतू आत जातो. आणि कारखान्यातल्या खिम्यात एक जनावर नसतं, कितीतरी जनावरांचं मांस एकत्र दळलेलं असतं. खिमा अगदी मधोमध ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापला, तरच भरवसा.

अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा १९०६ सालचा. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं सरकारी इन्स्पेक्टर करायचा काय? डोळ्याने बघायचा, हाताने चाचपायचा, नाकाने हुंगायचा. गळू दिसलं, सडका वास आला, की माल बाजूला. च्यायला, ह्या जंतूला वास नाही नि रंग नाही. लालभडक ताजं मांस, आणि आत मरण.

साल्मोनेला नावाच्या दुसऱ्या जंतूवरून तिथे १९७४ साली एक निकाल लागला. मांसात तो असला तरी सरकारी तपासणीचा शिक्का खोटा ठरत नाही, असं कोर्टाने धरलं. कारण काय, तर घरातल्या बायका अडाणी नाहीत, कसं शिजवायचं ते त्यांना कळतं. ऐकायला किती मानाचं! पण अर्थ काय झाला? कारखान्यातलं शेण बाईच्या चुलीवर आणून टाकलं, आणि पोर आजारी पडलं तर जाब तिलाच.

चार पोरं मेल्यावर हे चालेना. १९९४ साली अमेरिकेच्या शेतीखात्याने जाहीर केलं, कच्च्या खिम्यात ओ१५७ सापडला तर माल कायद्याने भेसळीचा, विकायचा नाही. मांसवाले कोर्टात गेले नि हरले. त्या हॉटेलांत खिमा पुरता शिजवला नव्हता, हे खरंच होतं. पण चुलीच्या आधी कुणीतरी गुन्हेगार आहे, हे सरकारला पहिल्यांदा बोलावं लागलं. २०१२ साली ह्या जंतूची आणखी सहा भावंडं त्याच यादीत गेली.

आता न दिसणारा जंतू पकडायचा कसा? पीसीआरने. कोविडमध्ये नाकात काडी घालून आपली सगळ्यांची केली, त्याच घराण्यातली ही चाचणी. ३२५ ग्रॅम मांस घेतात, जंतूंना मानवेल अशा रश्श्यात घालून रात्रभर उबेत ठेवतात. जिवंत जंतू असेल तर एकाचे लाखो होतात, मेलेला वाढत नाही. मग त्यांना फोडून डीएनए बाहेर काढायचा. त्यात दोन जीन शोधायचे. एक विष बनवणारा, दुसरा आतड्याला चिकटायला शिकवणारा. सापडला की तापव, निवव, पुन्हा तापव. दर फेरीला एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर. एवढ्या तापात टिकणारं एन्झाइम मिळालं ते यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या एका जंतूकडून. ही युक्ती कॅरी मुलिसला १९८३ साली सुचली. तिला नोबेल मिळालं १९९३ साली, ती पोरं मेली त्याच वर्षी.

आणि मशीनने हो म्हटलं म्हणून लगेच फाशी नाही. विषाचा जीन एका जंतूचा नि चिकटण्याचा जीन भलत्याच जंतूचा असू शकतो. म्हणून जिवंत जंतू वेगळा काढून थाळीत वाढवतात, पुन्हा ओळख पटवतात. तोवर माल अडकवून ठेवायचा, असा २०१३ पासून तिथे नियम आहे.

पण मशीनची आरती करू नका. नऊशे किलोच्या पेटाऱ्यातून साठ पातळ काप काढत असत. साठांत निघाला नाही म्हणजे नऊशे किलोत नाहीच, असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही. खरा जंतू अडतो तो सुरीच्या टोकाशी. सोलणाऱ्याला वेळ पाहिजे, सुरी धुवायला कढत पाणी पाहिजे. पट्टा पळवला की हात घसरणारच. वेग वाढवला की काय होतं, हे गोदीतल्या माणसाला शिकवायला नको. १९०६ चा कायदा झाला तोसुद्धा अप्टन सिंक्लेअरच्या 'द जंगल' कादंबरीने उठलेल्या गदारोळातून. त्याने लिहिलं होतं शिकागोच्या मजुरांच्या हालावर. वाचणाऱ्यांनी आपापलं ताट तेवढं तपासलं. मांसाला कायदा मिळाला, मजूर तिथेच राहिला.

आता इकडे या. ज्या पीसीआरने जंतू कळतो, त्याच पीसीआरने मांस कुठल्या जनावराचं तेही कळतं. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने गाईबरोबर बैल नि वळूही कापायला बंदी झाली, म्हैस चालते. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला दादरीजवळच्या बिसाहडा गावात जमावाने मोहम्मद अखलाकला ठार मारलं. मांस प्रयोगशाळेत गेलं ते त्यानंतर. एका अहवालात बकरीचं, २०१६ साली आलेल्या दुसऱ्या अहवालात गाईचं. तिकडे खिम्याच्या पेटाऱ्यालासुद्धा पुरावा हाती येईपर्यंत थांबतात. इकडे माणसासाठी कुणी थांबलं नाही.

पोरांनो, प्रयोगशाळा तीच, प्रश्न कोण घालतो त्यावर सगळं आहे. जंतूची चाचणी कापणाऱ्याचं आडनाव विचारत नाही, खाणाऱ्याचा धर्म विचारत नाही. शेण लागलं का, एवढंच विचारते. असला विटाळ मी मानतो. तो धुता येतो, मोजता येतो, आणि जन्माने चिकटत नाही.

आमच्या वस्तीतल्या म्हशीच्या मांसाच्या दुकानापुढे मी दांडकेवाला उभा राहिलेला पाहिलाय. नमुना भरून नेणारा माणूस अजून पाहिलेला नाही. आपण तो मागायचा. बर्फ मागायचा, नळाला पाणी मागायचं, कत्तलखान्यात बेताचा वेग मागायचा. ताटात जनावर कुठलं ते विचारायला येणाऱ्याला सांगायचं, आधी जंतू कुठला ते शोधून आण, मग बोलू.

जयभीम.