आठ ओळी आणि एक जहाज



अध्यक्षीय भाषणात साहित्याचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. मला मात्र माझा बहुतेक सगळा वेळ आठ ओळींच्या एका कवितेला द्यायचा आहे.

कवयित्री फिलिस व्हीटली. सात-आठ वर्षांची असताना, १७६१ साली, तिला पश्चिम आफ्रिकेतून आणून बॉस्टनमध्ये विकलं गेलं. १७७३ साली लंडनमध्ये तिचा कवितासंग्रह निघाला. या कविता तिनेच लिहिल्यात यावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून बॉस्टनमधल्या १८ प्रतिष्ठित पुरुषांच्या सह्यांचं पत्रक पुस्तकाला जोडावं लागलं. सह्या करणाऱ्यांत खुद्द गव्हर्नर थॉमस हचिन्सन होते.

आफ्रिकेतून अमेरिकेत आणलं जाण्याविषयीची तिची ही आठ ओळींची कविता मी कितीतरी वर्षं दहा मिनिटांत उरकत असे. ‘धर्म मिळाल्याची कृतज्ञता’ एवढं फळ्यावर लिहायचं आणि पुढच्या घटकाकडे वळायचं. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, हिला आणलं कुणी?” मी म्हटलं, ओळीतच बघ. आम्ही दोघींनी पाहिलं. वाक्याचा कर्ता आहे ‘दया’. दयेने आणलं. व्यापारी नाही, किंमत नाही, जहाजही नाही.

तिला आणणाऱ्या जहाजाचं नाव होतं ‘फिलिस’. विकत घेणाऱ्या कुटुंबाने तेच नाव मुलीला ठेवलं. म्हणजे कवितेत कुठेही नसलेलं जहाज कवयित्रीच्या नावात उभं आहे. हे कळल्यावर ती कविता मला पुन्हा दहा मिनिटांत शिकवता आली नाही.

इथे एक मोह होतो. ‘ही श्रद्धा वरवरची, आत बंड आहे’ असं म्हणून मोकळं व्हायचा. मला ते पटत नाही. व्हीटलीची श्रद्धा खरी आहे. ती तिच्या सगळ्या लेखनात आहे. पण ज्या इंग्रजीत ती श्रद्धा मांडते, त्या भाषेचे कानेकोपरे तिला पुरते ठाऊक आहेत. काळ्या रंगाला सैतानी म्हणणाऱ्यांचं बोलणं ती त्यांच्याच तोंडी ठेवते आणि ‘रंग’ या अर्थाचा शब्द त्या काळच्या रीतीने असा लिहिते की त्यात ‘मरण’ही वाचता येतं. पुढे केन या बायबलमधल्या पात्राचं नाव येतं. ते कानाला उसाच्या इंग्रजी शब्दासारखंच लागतं. लगेच ‘शुद्ध होण्या’चं जे क्रियापद येतं, तेच साखरेलाही वापरतात. कॅरिबियन मळ्यांत गुलामांनी पिकवलेल्या उसाची मळी बॉस्टनमध्ये येई आणि तिथे तिची रम गाळली जाई. हे शब्द शेजारी-शेजारी सहज येऊन बसले, असं मला तरी वाटत नाही.

शेवटच्या दोन ओळींचा मराठी अनुवाद करायला बसले तेव्हा मी खरी अडले. तिथे ती ‘लक्षात ठेवा’ अशी आज्ञा करते. गुलाम मुलगी, आणि क्रियापद आज्ञार्थी! त्यापुढे स्वल्पविरामांनी तोडलेले दोन शब्द येतात: ख्रिस्ती, नीग्रो. ती ख्रिस्ती लोकांना हाक मारून सांगते आहे की नीग्रोही शुद्ध होऊ शकतात? की ख्रिस्ती आणि नीग्रो दोघेही केनइतकेच काळवंडलेले आहेत आणि दोघांनाही शुद्ध व्हायचं आहे? इंग्रजीत दोन्ही अर्थ एका विरामावर तोलून राहतात. मराठीत ‘ख्रिस्तीजनांनो’ म्हटलं की ‘नो’ दुसरा अर्थ पुसून टाकतो. ‘ख्रिस्तीजन’ लिहिलं, तर हाक जाते. आपल्या संबोधन विभक्तीमुळे मला त्या स्वल्पविरामाचं वजन कळलं.

श्रद्धा खरी असूनही शब्द आणखी काही सांगत राहतात, हे एकट्या व्हीटलीच्याच बाबतीत घडत नाही. तिच्या शंभर वर्षं आधी, १० जुलै १६६६ ला, मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीटचं घर जळालं. त्यावरच्या कवितेत ती देवाचा न्याय मान्य करते, आणि तरीही जळक्या जागेवरून जाताना पेटी कुठे होती, संदूक कुठे होती ते पाहत राहते. आता इथे पाहुणा जेवणार नाही, मेणबत्ती लागणार नाही, अशी ‘नाही’ची रांग लावते. त्या प्रत्येक ‘नाही’बरोबर ती वस्तू आपल्या डोळ्यांपुढे पुन्हा उभी राहते. सोडून दिलं म्हणणारी बाई मोजदाद करते आहे. ‘प्युरिटन वाङ्मयाची पाच वैशिष्ट्ये’ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला ही मोजदाद कधीच भेटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

व्हीटलीने १७७९ मध्ये दुसऱ्या संग्रहाची जाहिरात दिली. पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. १७८४ मध्ये ती गेली आणि ते हस्तलिखितही हरवलं. उरलेल्या कवितांमधल्या या आठ ओळींच्या प्रती तुमच्या खुर्च्यांवर ठेवल्या आहेत. दुपारच्या सत्रात आपल्यापैकी दोघांनी त्या मोठ्याने वाचाव्यात: एकाने ‘ख्रिस्ती’ या शब्दानंतर थांबून, दुसऱ्याने न थांबता.