तालमीतल्या गदेची डागडुजी
(दवनीवाडा येथील भाषणाचा सारांश)



गदा म्हटली की डोळ्यांपुढे मारुतीरायाची सोनेरी गदा येते, किंवा महाराष्ट्र केसरीच्या खांद्यावरची चांदीची. तालमीतली गदा याहून साधी : वाटोळा दगड आणि त्यात ठोकलेला वेळू. ती खांद्यामागून फिरविताना मनगट, पाठ आणि कंबर यांची एकदमच परीक्षा होते.

वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार दाखविले. बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोश सिद्ध केला. विद्या ग्रंथात सुरक्षित झाली. साधने मात्र कित्येक गावांत देवळामागे पडून राहिली.

ती गोळा करणाऱ्या तरुणांचे कौतुकच केले पाहिजे. परंतु उत्साहाच्या भरात सिमेंट ओतून दांडा बसवू नये. सिमेंटाशेजारी ओल धरते आणि वेळू आतून कुजतो. दवनीवाड्याच्या परिसराला मानवेल नवा नाही. हा भरीव बांबू पावसाळ्यानंतर तोडून सावलीत वाळवावा आणि सुक्या लाकडाची पाचर मारावी. दगडाला भोक नसेल तर कच्च्या कातड्याची वादी भिजवून ताणून आवळावी. वाळताना ती आकसते व दगड घट्ट धरते. कमावलेले कातडे हे काम करीत नाही. उत्तर अमेरिकेतील मैदानी जमातींनी दगडी सोटे याच गुणावर बांधले.

दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांतही भोकाचे वाटोळे दगड सापडले आहेत. कोणी त्यांस गदेचे मुंडके म्हणतात, कोणी खणण्याच्या काठीचे वजन. तेव्हा शेतात सापडलेला प्रत्येक दगड भीमाच्या नावावर चढविण्याची घाई नको! असा दगड घासूपुसू नये. कोठे सापडला ते लिहून ठेवावे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी घरोघरच्या अडकित्त्या-दिव्यांना संग्रहालयाची प्रतिष्ठा दिली, तीही अशाच जिव्हाळ्याने.

आणि एक अवघड गोष्ट. दगड पाथरवटाने घडविला, वेळू बुरडाने निवडला, वादी चर्मकाराने कापली. त्यांच्या हातची साधने आखाड्यात पूजिली गेली; त्यांची मुले मात्र पुष्कळदा आखाड्याबाहेरच उभी राहिली. आज डागडुजीसाठी पुन्हा त्याच जाणत्या हातांकडे जावे लागते. त्या वृद्ध कारागिरास सन्मानाने बोलवावे, कामाचे पुरते मोल द्यावे, आणि दुरुस्त झालेली गदा पहिल्यांदा त्याच्या नातवाला फिरवू द्यावी.